जेवण आणि झोप यांच्या मधले तीन तास

प्रिय अन्ननलिके,

साडेसातला जेवले. वाटीभर मऊ भात, मुगाचं वरण आणि गाळ होईपर्यंत शिजवलेली दुधीची भाजी. साडेदहाच्या आत आडवं व्हायचं नाही, असं सर्जननी बजावलंय. म्हणून पाठ ताठ ठेवून खुर्चीत बसले आहे आणि तुला लिहिते आहे. शस्त्रक्रियेला आज नऊ आठवडे झाले. पत्र उघड लिहिते, कारण सहा वर्षं आपल्या दोघींचं जे चाललं होतं ते मला घरात, शाळेत, नातेवाइकांत कुणाला नीट सांगता आलं नाही. आत्ता या घडीला कुणाच्या तरी घरात कुणी बाई अर्ध्या ताटावरून उठून मोरीकडे धावत असेल. तिच्या हाती हे पत्र पडावं.

आधी तुझी माफी मागते. मी तुला हट्टी समजत होते. घास छातीच्या मधोमध येऊन थांबला की मी तुझ्यावर चिडायचे, वरून घटाघटा पाणी ओतायचे, उभी राहून मान मागे टाकायचे, खांदे ताणून श्वास रोखायचे. एवढ्या जोराने कधीकधी घास खाली जायचा. बहुतेक वेळा पाण्यासकट वर यायचा, आणि त्याला आंबट चवही नसायची, कारण तो पोटापर्यंत पोचलेलाच नसायचा. तो जसा गेला तसाच परत यायचा. ही एवढी गोष्ट कुणी नीट ऐकून घेतली असती तर आपली काही वर्षं वाचली असती.

तुझ्यात पहिल्यांदा अडकलं ते पाणी होतं. मे महिना होता, बाहेरून आले आणि माठातलं तांब्याभर पाणी एका दमात प्यायला गेले. छातीत कुणी बोळा कोंबावा तसं झालं. त्यानंतर कधी भात, कधी चहा, कधी पोळी, कधी नुसतं ताक. यात काही ठरलेलं नव्हतं, म्हणून कुणाला खरं वाटेना. सहा वर्षांनी एका पोटविकारतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला : "पाणीसुद्धा अडकतं का? आणि अगदी पहिल्यापासून?" मी हो म्हटलं आणि मला रडू आलं. तोपर्यंत हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं, की आधी पोळी, मग भात, मग पातळ अशा क्रमाने अडकत गेलं तर वाट अरुंद होत चालली असण्याची शक्यता असते, आणि अशा माणसाची दुर्बिणीतून तपासणी एक दिवसही लांबवू नये. घट्ट आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासून अडकत असेल तर बिघाड बहुधा हालचालीत असतो. तिथे वाट असते, पण ढकलणारं कुणी नसतं आणि दार उघडत नाही.

त्या सहा वर्षांत मला अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या, 'सावकाश खात जा' हा सल्ला मिळाला, 'टेन्शन घेऊ नका' हेही मिळालं. एकदा दुर्बीण घातली, रिपोर्ट नॉर्मल आला. सुरुवातीच्या काळात तुझ्या खालच्या झडपेतून दुर्बीण थोड्या जोराने पार होते, त्यामुळे तो तसा येऊ शकतो, हे नंतर कळलं. पण त्या कागदाने माझं बोलणंच खुंटवलं. रिपोर्ट नॉर्मल असताना जी बाई जेवत नाही ती मनाने आजारी, असं ठरलं. रात्री आडवी झाले की तुझ्यात साचलेलं वर यायचं आणि ठसका लागून मी जागी व्हायचे, उशी ओली झालेली असायची. वजन अठ्ठावन्नवरून चव्वेचाळीसवर आलं. खोकला आणि उतरतं वजन, आपल्याकडे याचा अर्थ एकच काढतात. क्षयासाठी दोनदा थुंकी तपासली. काही निघालं नाही.

आणि मी एकटी जेवू लागले. मधल्या सुटीत सगळ्या शिक्षिका डबे उघडून बसायच्या, तेव्हा मी वह्या तपासायचं निमित्त काढून वर्गात थांबायचे. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारी मावशी जिलबी घेऊन समोर यायची आणि माझ्या पोटात भीतीचा गोळा उठायचा. आपल्याकडे प्रेम वाढून दाखवतात. पानात टाकलेलं म्हणजे त्या प्रेमाचा अपमान. किती जणींची मनं मी अशी दुखावली असतील. त्यांचा दोष नव्हता. आता वाटतं, माझाही नव्हता.

तुझं खरं दुखणं कळलं ते बेरियम आणि मॅनोमेट्रीच्या आठवड्यात. बेरियम प्यायल्यावर क्ष-किरणात तू वर फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती झालेली दिसलीस. पाच मिनिटांनी पुन्हा फोटो काढला तरी तो पांढरा खांब जागचा हलला नव्हता. मॅनोमेट्रीत नाकातून एक बारीक नळी तुझ्यात उतरवली आणि मला उताणं झोपवून पाण्याचे दहा छोटे घोट एकेक करून गिळायला लावले. पडद्यावर दाब रंगांत उमटत होता. डॉक्टरांनी शेजारी निरोगी माणसाचं चित्र ठेवलं होतं. त्यात प्रत्येक घोटामागे रंगाचा एक तिरका पट्टा वरून खाली उतरत जात होता. माझ्या चित्रात सरळ उभे पट्टे होते, आणि तळाशी झडपेची ओळ अखंड, एकदाही न फिकटलेली. दहाच्या दहा घोटांना. ते चित्र मी फ्रेम करून ठेवावं इतकं मला मोलाचं वाटलं. सहा वर्षांत माझ्या बाजूने बोललेला तो पहिला साक्षीदार होता.

अ‍ॅकॅलेशिया, दुसरा प्रकार. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'न सैलावणं'. तू जेमतेम पंचवीस सेंटिमीटरची. तुझ्या भिंतीत मज्जापेशींचं एक जाळं असतं आणि त्यातल्या काही पेशींचं काम एवढंच, की घास येतोय म्हणताच खालच्या झडपेला 'सैल हो' असं सांगायचं. तुझ्या त्या पेशी मेल्या. का मेल्या याचं पक्कं उत्तर वैद्यकशास्त्राकडे अजून नाही. शरीराची संरक्षणव्यवस्थाच त्यांच्यावर उलटते, असा मोठा अंदाज आहे. दक्षिण अमेरिकेत चागास नावाच्या रोगात एक परजीवी जंतू अगदी हीच नासधूस करतो. वर्षाला लाखात साधारण एकाला हा आजार नव्याने होतो. निरोगी अन्ननलिका शीर्षासनातल्या माणसाचाही घास पोटापर्यंत पोचवते. तुला सांगणारं कुणी उरलं नव्हतं, निरोप पोचवणारेच गेले होते, आणि मी तुला हट्टी म्हणत होते.

तुझ्या या दुखण्याची पहिली नोंद 1674 सालची आहे. थॉमस विलिस नावाच्या इंग्लिश वैद्याने एका रुग्णाला व्हेलमाशाच्या हाडाची लवचिक कांब करून दिली, तिच्या टोकाला स्पंजचा बोळा बांधला. तो माणूस दर जेवणानंतर ती कांब घशातून खाली सारून अन्न पोटात ढकलायचा. असं त्याने वर्षानुवर्षं केलं आणि तो जगला. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचं नाव कुठे नाही. पण रोज जेवण झाल्यावर ती कांब हातात घेताना त्याला काय वाटत असेल, ते मला माहीत आहे.

डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या. फुग्याने झडप ताणणं. तोंडातून दुर्बीण घालून आतल्या बाजूने स्नायू कापणं, ज्याला पोएम म्हणतात आणि जे जपानच्या इनोऊ यांनी 2008 मध्ये पहिल्यांदा माणसावर केलं. आणि पोटावरून हेलर मायोटॉमी. एर्न्स्ट हेलर यांनी 1913 मध्ये लाइपझिगला ती पहिली केली, तेव्हा पोट उघडूनच. आता दुर्बिणीतून होते. मी हेलर निवडली, कारण त्यात जठराचा थोडा भाग कापलेल्या जागेवर दुमडून शिवता येतो आणि आम्ल वर चढायला आडकाठी होते. तुझ्या बाहेरच्या स्नायूंवर वर सहाएक सेंटिमीटर आणि खाली जठरावर दोन-तीन सेंटिमीटर असा उभा छेद घेतला आणि आतलं नाजूक अस्तर शाबूत ठेवलं. शिवणकाम येणाऱ्या बाईला यातलं कौशल्य सांगावं लागत नाही. वरचं कापड फाडायचं आणि अस्तराला ओरखडाही येऊ द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधी रंग प्यायला देऊन फोटो काढला, कुठे गळती नाही ना ते पाहायला. मग सिस्टरने स्टीलच्या पेल्यात कोमट पाणी दिलं. मी घोट घेतला आणि थांबले, सवयीने, छातीत बोळा येण्याची वाट पाहत. काहीच आलं नाही. पाणी पडलं. आत, खाली, आडात पोहरा टेकावा तसं कुठेतरी टेकल्याचं जाणवलं. मी आईकडे पाहिलं. ती पलंगाच्या पायथ्याशी पदर मुठीत धरून उभी होती. तिने विचारलं, "उतरलं का गं?"

त्यानंतर घरी रोज हाच प्रश्न. वरणाचं पाणी, भाताची पेज, नाचणीची आंबील, तिसऱ्या आठवड्यात मेतकूट-भात, आणि प्रत्येक चमच्यानंतर "उतरलं का?" पहिले चार दिवस पोटातल्या भोकांपेक्षा उजवा खांदाच जास्त ठणकला, शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूने तसं होतं, हे आधी सांगितलं असल्यामुळे घाबरले नाही. गोळ्या कुटून घेतल्या. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली भावाने दोन-दोन विटा सरकवल्या. सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल. कळशी उचलायची नाही, सोडा प्यायचा नाही, शेवटचं जेवण झोपेच्या तीन तास आधी.

हे सगळं सोपं होतं. अवघड होतं ते माझ्या मनाला शिकवणं. तू मोकळी झालीस तरी माझा हात पाण्याच्या पेल्याकडेच जायचा, खांदे आपोआप ताणले जायचे. पाचव्या आठवड्यात एकदा रात्री छातीत अशी कळ आली की वाटलं, सगळं पुन्हा जुळून आलं. थंड पाण्याचे घोट घेत भिंतीला टेकून बसले, पंधरा मिनिटांत ओसरली. सर्जन म्हणाले, या कळा अधूनमधून येत राहतील, झडप कापल्याने त्या जातातच असं नाही. त्यांनी आणखीही सांगितलं, आणि ते मी इथे लिहून ठेवते, कारण शस्त्रक्रियेआधी मला ते समजून घ्यायचं नव्हतं. घास खाली ढकलणारी तुझी लाट परत येणार नाही. मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत. दार उघडं करून दिलंय, ढकलण्याचं काम आता घासाचं स्वतःचं वजन करणार. काही वर्षांनी पुन्हा दुर्बिणीने तपासत राहायचं, कारण तुझ्यासारख्या अन्ननलिकेत कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. बरं होणं म्हणजे पूर्वीसारखं होणं, असं मी धरून चालले होते. तसं झालेलं नाही. मी ताठ बसून, चावून चावून, प्रत्येक घासाला खाली जायला वेळ देऊन जेवते, आणि यापुढे अशीच जेवणार.

या आजाराचं मोजमाप चार प्रश्नांनी करतात : गिळायला त्रास, अन्न वर येणं, छातीत दुखणं, वजन घटणं. बारापैकी गुण. माझे दहा होते, परवा दोन आले. वजन सत्तेचाळीस.

गेल्या रविवारी आईने ज्वारीची भाकरी केली. मी चतकोर घेतली, पातळ पिठल्यात बुडवून मऊ केली. सहा वर्षांनी भाकरीची चव तोंडात होती आणि ती संपेपर्यंत मी उठले नाही. आई समोर जेवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पिठलं आणखी वाढलं आणि काही विचारलं नाही.

साडेदहा झालेत. आता आडवी होते.

तुझी,
जिच्या छातीत तू आहेस ती