समुद्रापलीकडचा टॉवर

पृथ्वी गोल आहे हे मुलांना पटवून द्यायचं झालं की आम्ही शिक्षक एक ठरलेलं उदाहरण देत असू. दुरून येणाऱ्या जहाजाची आधी डोलकाठी दिसते, मग शीड दिसतं आणि खालचा भाग सगळ्यात शेवटी. आमच्या शाळेत हे फार समजावून सांगावं लागत नसे. वर्गातली निम्मी मुलं कोळीवाड्यातली. ती उलट मलाच सांगायची, "गुरुजी, आमच्या बाबांची होडी पण तशीच दिसते."

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता हे उदाहरण मला मुंबईच्या टॉवरना लावता येतं. आमचं गाव अलिबाग तालुक्यात, मांडव्याच्या खाली, आवास-सासवण्याच्या पट्ट्यात. पाऊस सरला की दिवाळीच्या सुमारास हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. तेव्हा किनाऱ्यावरून उत्तरेला मुंबई दिसते. लोअर परळ इथून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर भरेल. वाळूत उभ्या असलेल्या माणसाचं क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असतं. उरलेल्या वीस किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीची गोलाई तीसेक मीटर उंचीपर्यंतचं सगळं झाकून टाकते. म्हणजे आठ-नऊ मजली इमारत अख्खी पाण्याखाली गेल्यासारखी! चाळी, रस्ते, बाजार, माणसं यातलं काहीच इथून दिसत नाही. दिसतात ते फक्त टॉवर, आणि तेही कमरेच्या वरचे.

पूर्वी हे दृश्य नव्हतं. लहानपणी रात्री खांदेरीच्या दीपगृहाचा झोत दिसायचा आणि उत्तरेला नुसता पिवळसर उजेड. आजी म्हणायची, "ती बघ मुंबय." नंतर ताडदेवच्या जुळ्या इम्पीरियल इमारती आल्या. त्या २०१० साली पुऱ्या झाल्या. डोक्यावर सुया असल्यामुळे त्या चटकन ओळखू येत. आणि मग लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर 'वर्ल्ड वन' उभा राहू लागला. तो मी दर दिवाळीत पाहत आलो. आधी नुसत्या क्रेन दिसल्या, मग क्रेनखाली एक काडी, मग ती काडी जाड होत गेली. २०१० साली त्याची घोषणा झाली तेव्हा ११७ मजले आणि ४४२ मीटर उंची ठरली होती. विमानांच्या मार्गामुळे तेवढ्या उंचीला परवानगी मिळाली नाही. शेवटी ७६ मजले आणि २८० मीटरवर काम थांबलं. हात लांब करून करंगळी आडवी धरली, तर तिच्या निम्म्या जाडीएवढा तो आमच्या किनाऱ्यावरून दिसतो. जगात गाजलेल्या इमारतीची आमच्या गावातली उंची एवढीच!

आता तुम्ही म्हणाल, या वयात हा माणूस समुद्रापलीकडचे टॉवर कशाला मोजत बसतो? त्याचं कारण घरातलंच आहे.

माझे थोरले बंधू, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, १९६४ साली रेवसच्या धक्क्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरले आणि परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. गिरणीचं नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. पुढे ते साचेखात्यात कायम झाले. गाववाल्यांच्या खोलीत पंधरा जण राहायचे. एक पाळी झोपलेली, एक कामावर, एक जेवायला खाणावळीत. दर महिन्याला मनिऑर्डर यायची. त्या मनिऑर्डरवर माझं बी.ए. झालं. माझ्या पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, पण तिच्या मागे सूत दादांचं आहे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार गेले, दादाही गेले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, तो नुसता विरत गेला. काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या. दादांना बोलावणं आलं नाही. १९८४ साली त्यांनी परळची खोली विकली आणि वहिनी व मुलाला घेऊन गावी आले. वाडीत नारळ-सुपारी होती. पावसाळ्यानंतर पांढरा कांदा लावू लागले. पहाटे उठायची सवय मात्र गेली नाही. भोंगा नाही, काही नाही, तरी पावणेसहाला अंगणात उभे! २००७ साली ते गेले.

दादांना एक प्रश्न नेहमी पडायचा. मी गणित शिकवतो म्हणून ते मलाच विचारायचे, "गिरणीची जागा किती, आणि त्यातलं कोणाला किती मिळायचं रे?"

त्याचं उत्तर मी वर्तमानपत्रांतून जमवत गेलो. मुंबईत गिरण्यांची एकूण जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. ढोबळ मानाने सांगायचं तर गिरणीच्या जमिनीचा विकास करताना एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. सरळ तीन वाटण्या. हे दादांना लगेच कळलं. २००१ साली नियम बदलला. आता वाटणी सगळ्या जमिनीची नाही, तर जिच्यावर बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जमिनीची. हे मात्र दादांच्या गळी उतरेना.

मग मी त्यांना वाडीचं उदाहरण दिलं. समजा, आपल्या वाडीच्या तीन वाटण्या करायच्या ठरल्या. आणि ऐनवेळी एक भाऊ म्हणाला, की झाडांखालची जमीन धरायची नाही, विहिरीची नाही, घराची नाही. दोन झाडांच्या मधली जी रिकामी जागा उरेल तिच्या तीन वाटण्या करू. झाली की नाही वाटणी?

दादा खूप हसले. मग म्हणाले, "आणि गिरणीत मोकळी जागा होती कुठे? सगळं खात्यांनीच भरलेलं."

पुढे प्रकरण कोर्टात गेलं. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सगळ्या जमिनीच्या वाटणीच्या बाजूने लागला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यानंतरच्या दिवाळ्यांत क्षितिजावर काय काय उगवलं ते मी वर सांगितलंच आहे.

कामगारांना काहीच मिळालं नाही असं म्हणणं खरं होणार नाही. २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत निघाली. घर २२५ चौरस फुटांचं आणि अर्ज सुमारे दीड लाख. २०१६ साली आणखी २,४१७ घरांची सोडत झाली. ती घरं कुठे? पनवेलजवळ कोनला, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यात! गिरणगावच्या जमिनीवर टॉवर आणि गिरणी कामगारांची घरं खाडीच्या या बाजूला.

दादांचा मुलगा, माझा पुतण्या, गावी माझ्याच शाळेत शिकला. गणितात बरा होता. आता पन्नाशीला आला आहे. गेली कित्येक वर्षं तो गिरणगावातल्याच एका पंचतारांकित हॉटेलच्या लाँड्री विभागात आहे. बापाने साच्यावर कापड विणलं, मुलगा चादरी मोजतो. दादा राहायचे तिथून गिरणी दहा मिनिटांच्या वाटेवर होती. हा राहतो बदलापूरला. लोकलने दीड तास जायला, दीड तास यायला.

दोनेक वर्षांपूर्वी त्याने मला ते सगळं हिंडून दाखवलं. करी रोडच्या पुलावर उभे राहिलो. किनाऱ्यावरून करंगळीच्या निम्म्या जाडीचा दिसणारा टॉवर इथे इतका अंगावर येतो की वर बघताना माझी टोपीच पडली. फिनिक्स मिलच्या आवारात गेलो. ती गिरणी १९०५ ची. तिथे आता मॉल आहे, उंच हॉटेल आहे, आणि जुनी चिमणी तेवढी जपून ठेवली आहे. मुलं तिच्यापुढे उभी राहून फोटो काढत होती. माझ्या मनात आलं, या चिमणीखालच्या फाटकातून पाळी सुटली की माणसांचा लोंढा बाहेर पडायचा. आता आत जाणारे पुष्कळ आहेत, पण जो तो एकटा.

मी तसं म्हणालो. पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, तुम्हाला गिरणी आठवते ती मनिऑर्डरची. मला आठवतात ते घरी आलेले बाबा. कानाशी ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू यायचं नाही. रात्रभर खोकायचे. मी एसीत काम करतो. माझा फंड कापला जातो, आजारपणाची रजा मिळते. माझ्या मुलीला मी फिजिओथेरपीला घातलंय. टॉवर वाईट आणि गिरणी चांगली, असं मला नाही म्हणता येत."

त्याच्या बोलण्याला माझ्याकडे खोडून काढण्यासारखं उत्तर नव्हतं, आणि खोडायची इच्छाही नव्हती. पण एक गोष्ट मी त्याला विचारली. "तुम्ही तिथे सगळे मिळून कितीजण? आणि एकमेकांना ओळखता का रे?" तो हसला. म्हणाला, "निम्मे एजन्सीचे. सहा महिन्यांनी चेहरे बदलतात." दादांना शेवटपर्यंत आपल्या खात्यातल्या चाळीसेक माणसांची नावं गावांसकट पाठ होती. टॉवरने गिरणीची जागा घेतली म्हणतात. जमिनीची घेतली असेल. पण माणसांना एकमेकांशी बांधून ठेवायचं जे काम गिरणी न सांगता करत होती, ती जागा अजून रिकामीच आहे. आणि गंमत अशी, की त्या मोकळ्या जागेची वाटणी कोणीच मागत नाही!

असो. आता मुख्य गोष्ट.

पूर्वी आमच्या किनाऱ्यावरून माणसं मुंबईला पोट भरायला जात. आता उलटी वाहतूक सुरू झाली आहे. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, माणूस गाडीसकट उतरू लागला. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. टॉवरमध्ये राहणाऱ्यांना शनिवार-रविवारसाठी झाडं, विहीर आणि समुद्र हवा असतो. तो आमच्याकडे आहे. वाड्यांच्या जागी बंगले होत आहेत, आणि कंपाउंडच्या भिंती आमच्या माडांपेक्षा लवकर वाढतात.

आमच्या वाडीलाही गिऱ्हाईक आलं आहे. गृहस्थ सभ्य आहेत. लोअर परळलाच एका टॉवरमध्ये बऱ्याच वरच्या मजल्यावर राहतात. म्हणाले, "स्वच्छ दिवशी आमच्या खिडकीतून तुमचा किनारा दिसतो." मनात म्हटलं, बरोबर आहे, तेवढ्या उंचीवरून पृथ्वीची गोलाई आड येत नाही. त्यांना आम्ही पायापर्यंत दिसतो!

वाडी बावीस गुंठे. सातबारावर माझं आणि पुतण्याचं नाव. त्याला विकायची आहे. मुलीची फी आहे आणि बदलापूरच्या घराचे हप्ते आहेत. मला विकायची नाही. गावातले चार जण येऊन सल्ला देऊन गेले. "गुरुजी, सही करू नका. सामाईक आहे तोवर त्याला काही करता येणार नाही." दुसरा म्हणाला, "द्यायचीच तर समुद्राकडची पडीक बाजू द्या त्याला. विहीर आणि झाडं तुमच्याकडे ठेवा."

हा दुसरा सल्ला ऐकला आणि मला दादांचं हसणं आठवलं. दोन झाडांच्या मधली रिकामी जागा! बापाच्या वाटणीचं जे झालं, तेच मी मुलाच्या वाटणीचं करायचं? तेही त्याच बापाच्या मनिऑर्डरवर शिकून?

मोजणीचा अर्ज दिला आहे. वाडी मधोमध दुभागली जाईल. अकरा गुंठे त्याचे, अकरा माझे. माड एकूण अडतीस आहेत, ते मी मोजून ठेवले आहेत. एकोणीस त्याचे, एकोणीस माझे. विहीर हद्दीवर येते, तिचं पाणी निम्मं-निम्मं, आणि तसं वाटपपत्रात लिहायचं. त्याच्या अर्ध्याचं त्याने काय करायचं ते त्याने ठरवावं. मी त्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काका, विहीर राहू दे तुमच्याकडे." मी म्हटलं, "नाही. वाटणी सगळ्याची असते."

त्याने विकलं तर पुढच्या-मागच्या वर्षी माझ्या शेजारी भिंत उभी राहील. टॉवरमधले ते गृहस्थ शनिवारी येतील, आणि माझ्या पंचाचं वाळवण त्यांना गॅलरीतून दिसेल. दिसू द्या. त्यांच्याशी ओळख करून घ्यायचा माझा विचार आहे. ते राहतात त्या जागेवर पूर्वी कोणती गिरणी होती, हे त्यांना ठाऊक आहे का, तेवढं विचारायचं आहे. नसलं, तर सांगेन. शिकवायची सवय काही जात नाही.