रत्नागिरीचे दोन दिवस

आम्हा पाच जणांची कोल्हापूरहून रत्नागिरीची सहल नावापुरतीच होती. थोरलीला बारावीनंतर शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकायचे आहे आणि अम्मींचे एकच पालुपद, "पोरीला इतक्या लांब कशाला ठेवता?" त्यांनी ते गाव डोळ्यांनी पाहावे, एवढाच आमचा हेतू.

आंबा घाट उतरून एसटीने पोचलो. जोहरची नमाज अदा करून थिबा पॅलेस पाहिला. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा १९१० मध्ये बांधून झाला. राजा १९१६ मध्ये याच शहरात वारला. आम्ही मुलांना सांगितले, त्याआधी याच इंग्रजांनी बहादूरशाह जफर यांना दिल्लीहून ब्रह्मदेशातच, रंगूनला धाडले होते. १८६२ मध्ये तिथेच त्यांचा इंतकाल झाला. इकडचा बादशाह तिकडे, तिकडचा राजा इकडे. दोघांनाही वतनाची माती मिळाली नाही.

अम्मी बराच वेळ गप्प होत्या. संध्याकाळी भाट्ये किनाऱ्यावर त्यांनी थोरलीला जवळ घेऊन विचारले, "इथून कोल्हापूरला एसटी किती वाजता असते गं?"

"दादी, दिवसभर असतात."

"मग ठीक. त्या बिचाऱ्यांना परतीची वाट नव्हती. तू मात्र दर सुट्टीला घरी यायचंस."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. अल्हमदुलिल्लाह! आता राहिला तो पोरीचा अभ्यास. वाचकहो, दुआ करा.