रात्रपाळीचा गडी

खिडकीतला निऑन दिवसा भेटला तर ओळखू येत नाही. काचेची मळकट, वाकडीतिकडी नळी, तिच्यावर धूळ, दोन्ही टोकांना काळ्या टोप्या आणि खाली लोंबणारी जाड वायर, एवढाच त्याचा अवतार. दिवेलागणीला बारचा मालक आत कुठंतरी बटण दाबतो. नळी एक-दोनदा थरथरते आणि मग तिच्यात लाल रंग भरतो. तिथून पहाटे दोनपर्यंत रस्त्याचा तो कोपरा त्याचा.

न्यू जर्सीतल्या आमच्या वेस्ट विंडसरमध्ये हा गडी सहसा राहत नाही. इथं रूट वन या महामार्गाच्या कडेनं मॉल आहेत, पार्किंगची मैदानं आहेत आणि दुकानांवर एकसारखी प्लास्टिकची चौकोनी अक्षरं आहेत. या राज्यात बारचे परवाने डोकी मोजून मिळतात, दर 3,000 रहिवाशांमागे एक. त्यामुळे नव्या वस्त्यांमधल्या बऱ्याच हॉटेलांत वाइनची बाटली आपली आपणच न्यायची असते. जुन्या शहरांत मात्र हा नियम यायच्या आधीचे बार गल्लीच्या कोपऱ्याला टिकून आहेत. त्यांच्या भेटीला मी प्रिन्स्टन जंक्शनवरून गाडी धरतो. मध्ये एक हॅमिल्टन स्टेशन, की आलंच ट्रेंटन.

ट्रेंटनचा चेंबर्सबर्ग हा भाग म्हणजे विटांच्या चिकटून बांधलेल्या घरांच्या रांगा. रोबलिंगचा तारांचा कारखाना इथलाच, गोल्डन गेट पुलाचे दोर ज्यानं पुरवले तो. पाळी सुटली की कामगार जिथं टेकत, असे कोपऱ्यावरचे बार अजून काही उरलेत. दार जड, खिडक्या लहान आणि उंचावर. आत किती माणसं आहेत, गिऱ्हाईक आहे की नाही, बाहेरून काही कळत नाही. आपल्याकडच्या परमिट रूमच्या काळ्या काचांसारखाच हा बंदोबस्त. बाहेरच्या माणसाशी बोलायचं काम एकट्या निऑनवर सोपवलेलं असतं.

मला आवडतो तो निऑन अशाच एका खिडकीत आहे. लाल अक्षरांत बिअरचं नाव आणि भोवती निळी कड. अगदी काचेला नाक लावून पाहिलं तर त्याची घडण दिसते. चार अक्षरं म्हणजे चार नळ्या, असं लांबून वाटतं. प्रत्यक्षात सलग एकच नळी सगळ्या अक्षरांतून फिरते. एक अक्षर संपलं की ती मागच्या बाजूला वळते, तिथून पुढच्या अक्षराकडे सरकते आणि पुन्हा पुढं येते. मधला तो जोड दिसू नये म्हणून त्यावर काळा रंग फासलेला असतो. या खिडकीतल्या नळीवर तो रंग एका ठिकाणी खरवडला गेलाय, आणि तिथून लाल उजेडाची बारीक चीर बाहेर पडते. रस्त्यावरून ती दिसत नाही. फोटोत मात्र दरवेळी येते.

ही नळी यंत्रानं वळत नाही. कारागीर ती ज्योतीवर धरून मऊ करतो, कागदावर उलट्या काढलेल्या अक्षरांवर ठेवून वाकवतो आणि वाकवताना रबरी नळीतून हलकी फुंकर घालत राहतो. फुंकर थांबली तर काच वळणावर चेपते. हाताशी क्षणभराचाच वेळ असतो, कारण काच लगेच कडक होते. म्हणूनच कुठल्याही दोन खिडक्यांमधली अक्षरं हुबेहूब सारखी नसतात. एखाद्याचं वळण ऐसपैस, एखाद्याचं आखडलेलं. ते त्या कारागिराचं हस्ताक्षर आहे, आणि मी फोटो काढतो ते मुख्यतः या हस्ताक्षरासाठी.

घराणं म्हणाल तर लंडन आणि पॅरिसचं. 1898 साली विल्यम रॅमझी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांना लंडनमध्ये निऑन हा वायू सापडला. हवेच्या दहा लाख भागांत तो जेमतेम 18 भाग असतो, म्हणजे आपण श्वासागणिक थोडा थोडा घेतच असतो. जॉर्ज क्लोद हा फ्रेंच माणूस हवा थंड करून तिचं द्रवात रूपांतर करायचा, त्यातून उरलेला निऑन त्याच्याकडे साठत गेला. 1910 च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात त्यानं निऑनच्या लांबलचक नळ्या पेटवून दाखवल्या आणि पुढच्या काही दशकांत जगभरच्या रस्त्यांवर त्या पसरल्या.

स्वभावानं निऑन थंडीला दाद न देणारा आहे. निळ्या रंगाचं तसं नाही. त्या नळीत आर्गॉन आणि थेंबभर पारा असतो. जानेवारीत कडाका पडला की पाऱ्याची वाफ कमी होते आणि निळं तेज मंदावतं. त्यामुळे बर्फाच्या रात्री या खिडकीत लाल अक्षरं ठणठणीत आणि भोवतीची कड आजारी दिसते. उन्हाळ्यात दोघं बरोबरीनं जळतात. जवळ उभं राहिलं तर बारीक गुणगुण ऐकू येते, ती ट्रान्सफॉर्मरची. तो भिंतीतल्या विजेचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवतो.

अशा माणसाचा फोटो घाईनं काढता येत नाही. अमेरिकेतल्या विजेवर तो सेकंदाला 120 वेळा पेटतो-विझतो (आपल्याकडे असता तर 100 वेळा). फार झटकन शटर मारलं तर एखाद्या फोटोत तो उजळ येतो, पुढच्यात फिका. म्हणून ट्रायपॉड लावायचा आणि शटर निवांत ठेवायचं. एक्सपोजर जास्त झालं की नळी पांढरी पडते आणि लाल रंग फक्त कडेला उरतो. डिजिटल कॅमेऱ्यात लाल रंगाचा आलेख सगळ्यांत आधी टोकाला जाऊन भिडतो, तेव्हा नजर त्याच्यावर ठेवायची. आणि वेळ निवडायची ती सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनंतरची. तेव्हा आभाळ गडद निळं असतं, विटा दिसतात, विटांमधला चुना दिसतो, दारावरचे रंगाचे पोपडे दिसतात आणि अक्षरंही नीट वाचता येतात. आणखी अर्धा तास गेला की इमारत काळोखात बुडते आणि अक्षरं नुसती अधांतरी तरंगतात. बरेचजण तेच फोटो काढतात. मला ते पटत नाही. निऑनला त्याच्या घरापासून तोडलं की त्याचं काही उरत नाही.

पॅरिसच्या रात्रींचे फोटो काढणारा ब्रासाई एक्सपोजर मोजायला सिगारेट पेटवायचा, अंधार जास्त असला तर जाड सिगारेट. माझा खरा गुरू मात्र याच रस्त्यावरचा आहे. वेस्ट विंडसरमधून जाणारा रूट वन उत्तरेला राहवेत पोचतो. तिथल्या व्हाइट कॅसल या बर्गरच्या दुकानाचा रात्रीचा फोटो जॉर्ज टाइस यांनी 1973 साली काढला. कॅमेरा केवढा, तर आठ बाय दहा इंचांची निगेटिव्ह घेणारा. पुढच्या वर्षी त्यांनी चेरी हिलचा पेट्रोल पंप टिपला, त्याच्या मागं पाण्याची अवाढव्य टाकी उभी आहे. ती टाकी पाहिली की मला आमच्या वेस्ट विंडसरमधलं ग्रोव्हर्स मिल आठवतं. 1938 मध्ये ऑर्सन वेल्सच्या रेडिओ नाटकात मंगळवासी इथंच उतरले होते, आणि कुणीतरी इथल्या पाण्याच्या टाकीलाच मंगळवासी समजून गोळ्या झाडल्या, असं गावात सांगतात. टाइस न्यूअर्कमध्ये जन्मले, आयुष्यभर न्यू जर्सीचे फोटो काढत राहिले आणि 2025 च्या जानेवारीत गेले. त्यांच्या फोटोंतली दुकानं तेव्हा जुनी वगैरे कुणाला वाटत नव्हती. लोक तिथं बर्गर खायला आणि पेट्रोल भरायला जात.

आई इथं आली होती तेव्हा एका संध्याकाळी तिला ट्रेंटनला घेऊन गेलो. डेलावेअर नदीवरच्या पुलाची मोठाली अक्षरं तिला दाखवली: ‘ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स’. ती वर्षानुवर्षं लाल निऑननं उजळायची, 2018 पासून तिथं एलईडी आहे आणि सणावारी रंग बदलता येतो. मग बारच्या खिडकीसमोर आलो. आई बराच वेळ बघत राहिली.

“अरे, याचा उजेड भिंतीवरसुद्धा पडलाय,” ती म्हणाली. “पुलावरचा नुसता समोर दिसत होता.”

तिनं नेमकं धरलं होतं. निऑनची नळी चहूबाजूंनी उजळते. मागची भिंत, खिडकीची चौकट, फुटपाथवरचं पाणी, सगळ्यांना तो आपल्यातलं थोडं थोडं देतो. एलईडीच्या पट्टीचा उजेड बहुधा एकाच दिशेला जातो. ती वीज कमी खाते, तिच्यात पारा नसतो, फुटायची भीती नसते. बारमालकानं ती लावली तर मी त्याला दोष देणार नाही. पण रात्रीच्या फोटोत तिच्याभोवतीची भिंत मुकी राहते, हे खरं.

निऑनचा वायू सहसा संपत नाही. मरण येतं ते दुसरीकडून: ट्रान्सफॉर्मर जळतो, टोकाचा इलेक्ट्रोड झिजतो, किंवा काचेला तडा जाऊन बाहेरची हवा आत शिरते. यातलं बरंचसं दुरुस्त होतं. फुटलेला तुकडा नव्यानं वळवून जोडता येतो, नळी रिकामी करून पुन्हा भरता येते. फक्त ते करणारा हात जवळपास असायला हवा, आणि तसे हात आता फार कमी राहिलेत. माझ्या खिडकीतली निळी कड गेल्या हिवाळ्यापासून एका कोपऱ्यात लुकलुकते आहे. मालक म्हणाले, कारागीर मिळाला तर दुरुस्त करू, नाहीतर उतरवू. उतरवायचं ठरलं तर आधी मला फोन करा, असं मी त्यांना सांगितलंय आणि त्यांनी माझा नंबर गल्ल्यामागच्या कागदावर लिहून घेतलाय. मला त्या कडेचा एक फोटो ऐन कडाक्याच्या थंडीत हवा आहे, लाल पूर्ण पेटलेला आणि निळा अर्धा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा त्यासाठी मोकळा ठेवलाय.