सगळ्यांना माहीत आहे, पण छापलंय कुठे?

"आपल्याबद्दल मराठीत कुणी लिहीतच नाही." हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या मांडवात आणि जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यावर मान डोलावणे सोडून दिले. तक्रार खोटी नाही. पण मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तिथे लिहायला फी नाही, शिफारस नाही, संमेलनाचे निमंत्रण लागत नाही. मग अडते कुठे?

अडते पहिल्याच आठवड्यात. माझा एक माजी विद्यार्थी आता स्वतः उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. त्याने मोठ्या उत्साहाने गावच्या दर्ग्यावर दोन पाने मजकूर लिहिला. दुसऱ्या दिवशी त्यातला बराचसा गायब. लगेच फोन. "सर, बघितलंत ना? आपलं नाव दिसलं की पुसतात." मी त्याला लेखाचा 'इतिहास' उघडायला सांगितला. कोणता बदल कुणी केला, केव्हा केला, हे सगळे तिथे राहते. बहुतेक वेळा कारणही असते. इथे कारण होते: संदर्भ नाही. बुजुर्ग साडेसातशे वर्षांपूर्वी बगदादहून आले, असे त्याने लिहिले होते. हे कुठून घेतलेस, विचारले तर म्हणाला, "आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, सर!"

तिथे पूर्वग्रह नसतोच असे मी म्हणणार नाही. लिहिणारी माणसेच आहेत, तेव्हा माणसांचे सगळे तिथेही येणार. पण त्याच्याशी भांडायचे तर हातात पुस्तकाचे नाव आणि पानाचा क्रमांक हवा. जिल्ह्याचे गॅझेटिअर चाळा, विद्यापीठातले प्रबंध पाहा, जुन्या वर्तमानपत्राची तारीख शोधा. मग लेखाच्या चर्चा पानावर शांतपणे मांडा. पुसलेला मजकूर कुठे जात नाही, तो इतिहासातून परत आणता येतो.

फातिमा शेख यांचेच घ्या. २०२२ च्या ९ जानेवारीला गूगलने त्यांचे चित्र लावले आणि आपल्या सगळ्या गटांत मुबारकबादीचा पूर आला. तीन वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीत, एका लेखकाने जाहीर केले की ही व्यक्ती नव्हतीच, मीच रचली. तेव्हा ते चित्र कामाला आले नाही. कामाला आले सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेले पत्र. आजारपणात माहेरी असताना त्यांना पुण्यातल्या फातिमावर पडणाऱ्या कामाची काळजी वाटते, एवढाच तो उल्लेख. पण तो सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात या वादाच्या कितीतरी आधी छापला गेला आहे. म्हणून जेवढे पुराव्यात आहे तेवढेच लिहावे. नसलेली जन्मतारीख, नसलेल्या पदव्या हौसेने जोडल्या की असलेल्या पत्रावरही लोक शंका घेतात.

दुसरे दुखणे आदराचे. 'हजरत', 'रहमतुल्लाह अलैह' लिहिल्याशिवाय आपला हात पुढे सरकत नाही. ज्ञानकोशात ते चालत नाही, तसे कुणाच्या नावामागे 'प्रातःस्मरणीय'ही चालत नाही. मनात म्हणावे, त्याला संदर्भ लागत नाही.

नावांचेही तसेच. आम्हा उर्दूवाल्यांना उच्चार शुद्ध करण्याची खोड असते. पण श्रीगोंद्याचे संत शेख महंमद मराठीत याच नावाने रूढ आहेत. शीर्षकात त्यांचे 'शैख मुहम्मद' केले तर शोधणाऱ्या पोराला ते सापडायचे नाहीत. वेगळ्या लेखनाची पुनर्निर्देशने करता येतात, तिथे हौस भागवा.

बाकी पथ्ये थोडक्यात. वर्तमानपत्रातला मजकूर जसाच्या तसा उचलू नका. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चढवू नका, स्वतः काढलेला चढवा. स्वतःवर, मामूंवर किंवा आपण विश्वस्त असलेल्या संस्थेवर लेख लिहू नका, कितीही मोठे काम असले तरी. आणि पहिल्याच दिवशी इस्लामवरचा लेख 'सुधारायला' घेऊ नका. आपल्या गावाच्या लेखातली चुकलेली नदी आधी दुरुस्त करा.

सरावासाठी तिथे एक पान आहे, त्याचे नाव धूळपाटी. ज्याने कुणी हे नाव सुचवले त्याला माझा सलाम. आमच्या वडिलांच्या पिढीने तख्तीला मुलतानी माती फासून अलिफ-बे गिरवले, पुसले, पुन्हा गिरवले. अगदी तेच इथे करायचे. अडले तर विचारायला चावडी आहे. प्रश्न साधा असला तरी चालतो.

आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: संदर्भ मराठीतलाच हवा असे नाही, उर्दू पुस्तकही चालते. ते वाचून मराठीत लिहू शकणारी माणसे थोडी आहेत, आणि ती आपल्यातच आहेत. वडिलांची उर्दू पुस्तके गोणीत बांधून माळ्यावर टाकलेली घरे मी कितीतरी पाहिली आहेत. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती गोणी एकदा सोडा. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, कोकण, जे काही त्यात निघेल, त्या प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि साल वहीत उतरवून ठेवा.