भटकणारी चूक

संगणकाच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून सांगतात, एरर नीट वाचा. छोट्या बोर्डांवर कंपाइल करणाऱ्यानं मात्र ती वाचून जरा बाजूला ठेवावी, असं माझं मत झालंय. जीसीसी मध्येच कोसळला की ‘इंटर्नल कंपायलर एरर’ असं लिहितो आणि खाली मोठ्या अदबीनं सुचवतो, सविस्तर बग रिपोर्ट पाठवा. वाचणाऱ्याला वाटतं, कंपायलरच बिघडलाय. आमच्या कामात तो बहुतेक वेळा निर्दोष असतो.

आमचं काम भंडारा जिल्ह्यातलं. वैनगंगेच्या खोऱ्यात धान, आणि धानामागे राइस मिल. मिलवाल्याला खरी धास्ती कणीची. भरडताना आणि पॉलिश करताना तांदूळ किती तुटला, यावर मालाचा भाव हलतो. मूठभर दाणे ताटात पसरून नुसत्या नजरेनं तुकडा सांगणारी जुनी माणसं अजून आहेत, आणि त्यांचा अंदाज कॅमेऱ्याला लाजवेल असा असतो. तरीही कॅमेरा, त्यामागे रास्पबेरी पाय आणि त्यावर चित्रं तपासणारी ओपनसीव्ही ही लायब्ररी अशी जोडणी मी मिलवाल्यांना करून देतो. ओपनसीव्ही तयार मिळतं. पण नको ते भाग वगळून, एआरएमच्या निऑन सूचनांचा पुरेपूर उपयोग करणारं हवं असेल, तर ते स्वतःच कंपाइल करावं लागतं. कटकट तिथून सुरू होते.

पाय ३ हा बोर्ड २०१६ साली आला. चार कोअर, पण रॅम १ जीबी, आणि त्या काळच्या रास्पबियनमध्ये स्वॅप अवघी १०० एमबी. चार कोअर दिसले की माणूस साहजिकच ‘मेक’ला चार कामं एकदम करायला सांगतो. सी++च्या टेम्प्लेटांनी भरलेली एकेक फाइल कंपाइल होताना काही शे एमबी सहज खाते, आणि अशा चार फाइली एकाच वेळी जड भागात शिरल्या की हिशेब संपतो. लिनक्सचा स्वभावही इथे नडतो. तो मागेल त्या प्रोग्रामला मेमरी कबूल करून टाकतो, सगळे एकदम वापरणार नाहीत या भरवशावर. निमंत्रण अख्ख्या गावाला आणि पत्रावळी निम्म्या गावापुरत्या, असा हा कारभार. सगळेच जेवायला बसले की कर्नल एकाला उठवतो, आणि तो बहुधा सर्वात जास्त खाणारा, म्हणजे जीसीसीचा सी++ कंपाइल करणारा सीसी१प्लस असतो. जुना जीसीसी या खुनालाही ‘इंटर्नल कंपायलर एरर’च म्हणायचा, फक्त पुढे ‘किल्ड’ हा शब्द असायचा. तेवढा शब्द दिसला की डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी, उघडून बघायचं. ‘आउट ऑफ मेमरी’ तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. उपाय सोपा आणि कंटाळवाणा: एका वेळी एकच काम, स्वॅप दोनेक जीबी, जमलं तर ती एसडी कार्डाऐवजी यूएसबी डिस्कवर. रात्रभर चालू द्यायचं.

‘किल्ड’च्या जागी ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ आला, तर काम जास्त रंगतं. तेव्हा मी काहीही न बदलता तीच आज्ञा पुन्हा देतो. हे आळशीपणाचं दिसतं, पण यासारखी दुसरी कसोटी मला ठाऊक नाही. त्याच फाइलवर, त्याच ओळीवर पुन्हा पडला तर संशय सॉफ्टवेअरवर. मघाशी जिथे पडला तिथून सुखरूप पुढे जाऊन भलत्याच फाइलवर पडला, तर चूक भटकते आहे, आणि भटकणारी चूक हार्डवेअरची. जीसीसीतही ही युक्ती आहे. ‘रिपोर्ट-बग’ हा पर्याय चालू असेल तर कोसळल्यावर तो स्वतःच पुन्हा प्रयत्न करून बघतो, आणि तीच चूक परत आली नाही तर सांगतो की दोष हार्डवेअरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा असावा.

ही समज जुनी आहे. १९९०च्या दशकात लोक घरच्या पीसीवर लिनक्सचं कर्नल कंपाइल करायचे आणि जीसीसी ‘सिग्नल ११’, म्हणजे हाच सेगमेंटेशन फॉल्ट, देऊन पडायचा. तेव्हा रोगियर वोल्फ यांनी या एकाच प्रश्नावर एक प्रश्नोत्तरी लिहून ठेवली होती, आणि त्यांचा रोख मुख्यतः खराब रॅमकडे होता. रॅम खराब झाली की कंपायलर लवकर पडतो, कारण त्याच्या पोटात सगळे मेमरीतले पत्तेच पत्ते असतात, हा नोड तिकडे दाखवतो, तो आणखी तिसरीकडे. चित्रातला एक बिट उलटला तर एका ठिपक्याचा रंग बदलतो, कुणाला कळतही नाही. पत्त्यातला एक बिट उलटला की प्रोग्राम भलत्याच दारात जाऊन उभा राहतो.

आमच्याकडे रॅमपेक्षा वीज जास्त दोषी निघते. पाय ३ला ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, आणि लोक देतात मोबाइलचा चार्जर, वर हातभर लांब बारीक केबल. केबलचा रोध ०.३ ओहम धरा. चारही कोअर पेटले, बोर्डानं दीड अँपिअर ओढला, की ०.४५ व्होल्ट तारेतच गेले. पाचाचे ४.५५ उरले. बोर्डाचा इशारा ४.६३ला वाजतो. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते खरी, पण मिलमधल्या बोर्डाला पडदा असतोच कुठे! एका मिलमध्ये दुपारचं प्रत्येक कंपाइल कोसळायचं. ऑपरेटर म्हणाला, “भाऊ, मंग राती बराबर कसं चालते?” राती मिल बंद. दिवसा पॉलिशरची मोटर सुरू झाली की दिवे क्षणभर मंद होत, आणि स्वस्तातल्या अडॅप्टरला तेवढा क्षणही झेपत नसे. बोर्डाला ‘गेट-थ्रॉटल्ड’ या आज्ञेनं विचारल्यावर ५०००५ हा आकडा आला: व्होल्टेज आत्ता कमी आहे, वेग आत्ता उतरवला आहे, आणि बोर्ड चालू झाल्यापासून दोन्ही आधीही घडलंय. चांगला अडॅप्टर, आखूड जाड केबल, मध्ये यूपीएस. कंपायलरला हातही लावला नाही.

उन्हाळ्याला लोक उगाच जास्त दोष देतात. मे महिन्यात इथे पारा ४५ला टेकतो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. पण ८० अंशांवर पाय आपला वेग उतरवतो आणि रखडतो, सहसा पडत नाही. हीटसिंक आणि छोटा पंखा जरूर लावावा, फक्त त्यानं सेगफॉल्ट जाईल या आशेवर राहू नये.

मग हे सगळं बोर्डावर कशाला, मोठ्या संगणकावर क्रॉस-कंपाइल का करत नाही, असं शहरातली मंडळी विचारतात. करतो, आता बऱ्याचदा तेच करतो. पण त्यात लायब्ररींच्या आवृत्त्या जुळवताना जो जीव जातो, त्यापुढे एका कोअरवर संथ चालणारं कंपाइल मला परवडतं. पायथनची पॅकेजं पुरवणारे पायव्हील्सवालेही ती खऱ्या रास्पबेरी पायवरच बांधतात.

क्वचित खरोखर कंपायलरचा दोष निघतो. प्रत्येक बोर्डावर, प्रत्येक अडॅप्टरवर, तीच फाइल, तीच ओळ. त्या एका फाइलचं ऑप्टिमायझेशन ओ३वरून ओ१वर आणलं की गाडं बहुधा पुढे सरकतं, आणि मिलवाल्याचं काम तिथेच होतं. माझं होत नाही. ती फाइल प्रीप्रोसेस करून सी-व्हाइजला द्यायची. ते हजारो ओळी कुरतडत पाच-पंचवीसवर आणतं. तेवढ्याच ओळी दुसऱ्या मशीनवर कंपायलरच्या त्याच आवृत्तीला देऊन तो तिथेही पडतो का बघायचं, आणि पडला तरच जीसीसीच्या बगझिलावर लिहायचं. त्याआधी लिहिलंत तर कोणीतरी पहिल्यांदा हेच विचारणार, रॅम तपासली का?