खडीरला जायचं, पण कधी?

खडीर हे बेट आहे, पण बाराही महिने नाही. कच्छच्या मोठ्या रणात, पाकिस्तानच्या हद्दीच्या अलीकडे, ही खडकाळ, खुरट्या झुडपांची जमीन आजूबाजूच्या सपाटीवरून थोडी वर आलेली आहे. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा अरबी समुद्राचं पाणी कोरी खाडीतून आत ढकलतो, राजस्थानातून लुणी आणि बनास आपलं पाणी आणून सोडतात, आणि हजारो चौरस किलोमीटरचं रण उथळ पाण्याखाली जातं. तेवढे दिवस पच्छम, खडीर, बेला आणि चोराड ही सगळी खरोखरची बेटं असतात. दिवाळीनंतर पाणी आटत जातं आणि मागे मीठ उरतं. उन्हाळ्यात त्या मिठावर धूळ बसते, मृगजळ दिसायला लागतं आणि खडीर नुसतं एक टेकाड होऊन बसतं.

त्यामुळे खडीरला कधी जायचं हा निव्वळ रजा मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न राहत नाही. पाण्यातलं बेट बघायचं की मिठातलं, हे आधी ठरवायला लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलं तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर पाणी आणि पक्षी. पण ऊन डोकं उठवतं आणि रस्त्याच्या खाली पाऊल टाकायची सोय नसते, चिखल गिळतो. डिसेंबर-जानेवारीत हवा सोन्यासारखी आणि मीठ पांढरंशुभ्र; पण बेट तेव्हा नकाशापुरतं. मधे कधीतरी, काठचं पाणी आटून मीठ धरलंय आणि आतलं अजून चमकतंय, अशी जोडसंधीही येते. ती कुठल्या आठवड्यात येईल ते त्या वर्षीच्या पावसाला ठाऊक. पुण्यात बसून तिचं आरक्षण करता येत नाही.

आमच्या घरात यावरून सरळ तट पडले आहेत. मी पाण्याच्या बाजूचा. थंडीत ठाण्याच्या खाडीत, ऐरोली-शिवडीला रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे बघायला आपण दुर्बिणी घेऊन धावतो. त्यातले बरेच कच्छकडून आलेले असतात. रणात पाणी चांगलं झालं की आतल्या ओसाड भागात ते चिखलाची उभट घरटी करून हजारोंच्या संख्येने अंडी घालतात. सालीम अलींचं कच्छच्या पक्ष्यांवरचं पुस्तक 1945 साली आलं, तेव्हापासून या वसाहतीचं कुतूहल अभ्यासकांना आहे. त्या वसाहतीपर्यंत आपण पोचणार नाही आणि पोचूही नये. पण खाडीत आलेला पाहुणा आपल्या घरच्या अंगणात कसा वावरतो, ते लांबून तरी बघावं असं मला वाटतं. बायको मिठाच्या बाजूची. तिला चांदण्यातलं पांढरं रण बघायचं आहे, आणि तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आईचा पक्ष तिसराच. खडीरच्या पश्चिमेला पच्छम बेटावर काळो डुंगर म्हणून डोंगर आहे, 462 मीटरचा, कच्छमधला सर्वांत उंच. त्याच्या माथ्यावर दत्ताचं देऊळ आहे. गाणगापूर, वाडी, औदुंबर, गिरनार अशी यादी जिच्या तोंडी असते तिला हे ठाऊक नव्हतं, आणि मी बोलण्याच्या ओघात सांगून बसलो. दत्तगुरू तिथे आले असता भुकेले कोल्हे समोर आले, जवळ द्यायला काही नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःचंच अंग पुढे केलं, अशी तिथली कथा. आजही आरती झाली की पुजारी शिजवलेला भात ओट्यावर ठेवून हाका घालतो आणि रणातून कोल्हे येतात. आपल्याकडच्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. आईने हे ऐकून घेतलं, भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "अरे, दत्ताकडे जायचं तर पौर्णिमा कुठली ते काय विचारायचं?"

मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती. डिसेंबरातली पौर्णिमा. बायकोने माझ्याकडे बघितलं. पाण्याचा पक्ष तिथेच दोन मतांनी पडला.

आता रस्ता. पुण्याहून खडीर हजार किलोमीटरच्या थोडं वर. मुंबईच्या डोक्यावरून जायचं, आणि ठाणे-घोडबंदर उजाडायच्या आत ओलांडलं नाही तर पुढचे सगळे आकडे खोटे पडतात. वापी-सुरतेपर्यंतच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ट्रक, कारखाने, पुन्हा ट्रक. भरुचला नर्मदा आली की मात्र गाडीतले सगळे सरळ होऊन बसतात. नवा तारांवर तोललेला पूल 2017 मधला, आणि त्याच नदीवर 1881 चा जुना लोखंडी गोल्डन ब्रिज अजून उभा आहे. इथली खारी शिंग घेतल्याशिवाय पुढे जायचं नसतं.

मुक्काम बडोद्याला, मावसबहिणीकडे. हे हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं म्हणून नव्हे (पडतं, पण ते असो). सयाजीरावांच्या या शहरात पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी माणसं बोलता बोलता गुजरातीत कधी शिरतात आणि परत कधी येतात याचा पत्ता लागत नाही, आणि रात्री जेवताना आमटीत गूळ किंचित जास्त असतो. गुजरातमध्ये शिरण्याचा याहून मऊ उंबरठा मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी अहमदाबाद, विरमगाम, ध्रांगध्रा, हळवद. मग माळियाच्या आसपास जमीन एकदम उघडी पडते, मिठाचे ढीग दिसू लागतात, आणि सुरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ.

इथून पुढे खडीरला जायच्या दोन वाटा आहेत, आणि माझं खरं मन त्यांच्यात अडकलेलं आहे.

जुनी वाट पूर्वेकडून. भचाऊ, रापर, बालासर आणि मग रणातला भराव ओलांडून बेटावर. मी एकदा या वाटेने गेलो आहे, भुजहून एसटीने. भुजहून खडीर नकाशावर समोर दिसतं, पण मधे रण, म्हणून गाडी आधी पूर्वेला भचाऊ, मग उत्तरेला रापर, मग परत पश्चिमेला अशी वळसा घालून जायची. दुधाच्या किटल्या, शाळेतली पोरं, काखेत कोंबडं घेतलेले एक आजोबा, असं सगळं चढत-उतरत होतं. रापरनंतर गाडीत इतकी कमी माणसं उरली की कंडक्टर येऊन माझ्या शेजारीच बसला आणि पुण्यात पाऊस कसा काय झाला म्हणून विचारू लागला. मग भरावावर गाडी आली. दोन्हीकडे काही नव्हतं. शेत नाही, झाड नाही, खांब नाही. आणि बऱ्याच वेळाने समोर काळी रेघ उमटली, ती खडीर. बेटावर आल्याचं तेव्हा अंगाला कळलं.

नवी वाट पश्चिमेकडून, खावड्यावरून. घडुली-सांतलपूर महामार्गाचा हा तुकडा रणाच्या छातीवरून तीसेक किलोमीटर सरळ काढला आहे. भुजहून खडीरवरच्या धोळावीराचं अंतर त्याने शंभरेक किलोमीटरने कमी केलं. रील करणाऱ्यांनी त्याचं नाव 'रोड टू हेवन' ठेवलं आहे आणि स्थानिक लोकही आता हॉटेलच्या पाट्यांवर तेच लिहितात. रस्ता सुंदर आहे यात वाद नाही. पण तो जिथे संपतो ते बेट आहे हे पोचणाऱ्यांपैकी किती जणांना लक्षात येत असेल? लोक मधेच गाडी थांबवतात, टपावर चढतात, फोटो काढतात आणि पुष्कळसे तिथूनच मागे फिरतात. त्यांच्या लेखी रस्ता हेच ठिकाण. तक्रार मी कोणत्या तोंडाने करू? बेटावरच्या बाईला अडलेल्या बाळंतपणात भुजला नेताना तो वळसा काय असेल ते आपण पुण्यात बसून मोजू नये. बेटपण जपलं जावं अशी इच्छा बहुतेक करून बेटावर न राहणाऱ्यांचीच असते.

तरीही मला वाटतं की धोळावीराला लांबच्या वाटेने जावं. हडप्पा संस्कृतीतलं हे शहर खडीरच्या एका कोपऱ्यात आहे, कर्कवृत्ताच्या अगदी जवळ. 2021 साली ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. र. सिं. बिष्ट यांनी 1990 पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. लोक तिथे उत्तर दरवाजाजवळ सापडलेल्या फलकाबद्दल विचारतात. जिप्समच्या तुकड्यांतून घडवलेली दहा मोठी चिन्हं, कदाचित दरवाजावर लावलेली, अजून कोणाला न वाचता आलेली. मला मात्र तिथले हौद सोडवेनात. बारमाही नदी नाही, पाऊस बेताचा आणि तोही लहरी. शहराच्या उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन ओढे, तेही पावसापुरते वाहणारे. त्या लोकांनी ओढ्यांना आडवे बांध घातले, जमिनीचा उतार हाताशी धरला आणि पाणी तटाच्या आतल्या हौदांतून एकातून दुसऱ्यात फिरवलं. बालेकिल्ल्यात पावसाचं पाणी वाहून न्यायला दगडी गटारं आहेत, माणूस वाकून आत जाईल एवढी. पूर्वेचा हौद सुमारे 73 मीटर लांब आणि 29 मीटर रुंद.

मी त्या हौदाच्या पायऱ्या उतरून तळाशी गेलो होतो. वर सरळ उभी दगडी भिंत, खाली सावली. पायरीच्या कडा झिजून मधे खोलगट झालेल्या. घागर घेऊन उतरणाऱ्याचं पाऊल जिथे पडेल नेमकी तिथे. आपण प्रवासाची आखणी करतो ती सगळं वेळेवर मिळेल असं धरून: पेट्रोल, खोली, नेटवर्क, चहा. इथली आखणी पाऊस येणारच नाही असं धरून केलेली आहे. हजार-दीड हजार वर्षं ती पुरली. नंतर हळूहळू वस्ती विरली. शेवटी शेवटी जे राहिले त्यांनी चौकोनी घरं सोडून गोल झोपड्या बांधल्या. कच्छमधले भुंगे, म्हणजे तशाच गोल झोपड्या, आपण 2001 च्या भूकंपानंतर नव्याने ऐकले, कारण बरेचसे टिकून राहिले. आता धोळावीरात पर्यटकांसाठी भुंगे बांधलेत, आत गीझरसकट.

धोळावीरा गावातून रण चालत गाठता येतं. काठाची माती ओलसर, मग पांढुरका पापुद्रा, आणि मग ते मीठ, पंचकोनी-षट्कोनी तुकड्यांत तडकलेलं, प्रत्येक तुकड्याची कड बोटभर वर आलेली. मी जरा पुढे गेलो तसा एका पावलाला पापुद्रा फुटला आणि खालून काळाकुट्ट चिखल वर आला. चप्पल त्यातच राहिली. ती काढायला वाकलो तेव्हा पांढऱ्याची जाडी दिसली, पोळीपेक्षा जेमतेम जास्त. त्याच्याखाली आख्खा ओला समुद्र तसाच बसलेला.

तर वाट कोणती? मनातून रापरचीच. पण दत्तजयंतीने नकाशा फिरवला आहे. आरती पौर्णिमेच्या संध्याकाळी काळो डुंगरावर. म्हणजे आधी भुज, भिरंडियाराला मावा खाऊन खावडा, तिथून डोंगर. एकदा खावड्याला पोचल्यावर खडीर समोर पूर्वेला, नव्या रस्त्याने तासा-दीड तासावर. तिथून उलटं फिरून रापरमार्गे शिरण्याचा हट्ट धरला तर घरात माझी काय किंमत राहील ते मला माहीत आहे. जाताना नवी वाट, परतताना जुनी, एवढ्यावर मी समाधान मानलं.

बायकोला आणखी एक गोष्ट हवी होती. नवा रस्ता खावड्याहून पूर्वेला जातो, पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला सूर्यास्ताबरोबरच उगवतो, म्हणजे त्या वेळी गाडी रणात असेल तर चंद्र थेट काचेसमोर वर येणार. कल्पना झकास. पण त्याच वेळी डोंगरावर आरती, आणि आरतीनंतर अंधारात त्या रस्त्यावर गाडी घालणं मला पटत नाही. दिवे नाहीत, गुरं बसलेली असतात, खावड्याकडे सौरऊर्जेच्या कामाचे अवजड ट्रक. बराच खल झाल्यावर उपाय कालनिर्णयातच सापडला. प्रतिपदेचा चंद्र साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो, तोवर पुरता काळोख पडलेला असतो. पौर्णिमेला मुक्काम खावड्याला, दुसऱ्या दिवशी उजेडी रणातून खडीर, दुपारी धोळावीराचे हौद, आणि संध्याकाळी बेटाच्या काठावर जाऊन प्रतिपदेचा चंद्र बघायचा. वर पौर्णिमेच्या रात्रीचे पर्यटकांच्या तंबूंचे चढे दरही वाचतात. पाण्यातलं खडीर पुढच्या सप्टेंबरवर गेलं, आणि तेव्हा मी एकटा गेलो तरी चालेल असं दोघींनी मोठ्या मनाने सांगून टाकलं.

बाकी कामं किरकोळ आहेत. टायर बदलायला झालेत. रापर किंवा खावडा सोडताना टाकी भरून घ्यायची, प्यायचं पाणी जास्तीचं ठेवायचं, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यायचा. डिकीत जागा कमी पडते आहे, कारण प्रसादाच्या भाताला तांदूळ आपला असावा असं आईने ठरवलं आहे. स्टेपनीच्या बाजूला पाच किलो आंबेमोहोरची पिशवी जाणार आहे. कोल्ह्यांना आंबेमोहोर आणि कोलम यातला फरक कळतो का, हे आईला विचारायची घरात कोणाची प्राज्ञा नाही.