शेपटीखालची नाडी

गाईची नाडी कुठे पाहतात, असा प्रश्न मी शहरातल्या मित्रमंडळींत कधी टाकला, की निम्मे लोक गळ्याकडे बोट दाखवतात आणि उरलेले हसतात. ती शेपटीच्या बुडाशी, खालच्या अंगाला लागते. शेपूट उचलायचे, बोटे टेकवायची आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत मिनिटभर गप्प उभे राहायचे. निरोगी गाईचे ठोके साधारण 60 ते 80. सांगोल्याच्या बाजूला पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी उभी हयात हेच केले. या पवित्र्यात माणूस रुबाबदार दिसत नाही, हे मला मान्य आहे.

थर्मामीटरचीही तीच कथा. त्याला दोरी नि चिमटा असतो. चिमटा शेपटीच्या केसांत अडकवायचा, नाहीतर ते शेणाबरोबर बाहेर पडून खुराखाली जाते. नवखा माणूस ते सरळ शेणात खुपसतो आणि ताप कमी आला म्हणून खूश होतो. ते जरा तिरके धरून आतड्याच्या भिंतीला टेकवावे लागते. 101.5 फॅरनहाइट हा गाईचा नेहमीचा आकडा. तो न पाहता सुई टोचणाऱ्याबद्दल माझे मत चांगले नाही. मग त्याच्या भिंतीवर किती का प्रमाणपत्रे असेनात!

नावांवर तर मुळीच जाऊ नये. दुग्धज्वर घ्या. नावात ज्वर, आणि अंग गार! भरपूर दुधाची गाय व्याल्यावर दोन-तीन दिवसांत बसते ती उठत नाही, मान वळवून कुशीला लावते, कान हाताला थंडगार लागतात. रक्तातला चुना उतरलेला असतो. शिरेतून कॅल्शियम दिले, की तासाभरात गाय शेण टाकून उभी राहते, आणि घरची माणसे तुमच्या पाया पडायला येतात. पण तेच औषध घाईने सोडले तर हृदय बंद पडते. म्हणून एक हात सुईवर नि एक कान छातीवर. आमच्यासारख्यांनी ही कामे नोंदणी झालेल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि सांगण्यावरून करायची, असे 1984 चा कायदा म्हणतो. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. निदान डॉक्टरांचे, पण डॉक्टर वीस मैलांवर असताना त्यांना काय कळवायचे, हे ज्याने पाहिले त्यालाच ठरवावे लागते.

आणि पाहण्याआधी विचारावे लागते. मालक बहुधा काही सांगत नाही. ‘कालपर्यंत ब्येस होती’ हे त्याचे ठरलेले वाक्य. गाय रवंथ कधीपासून करीत नाही, धार काढताना कोणत्या सडाला हात लावू देत नाही, हे घरातल्या बाईला ठाऊक असते. पण ती दाराआड उभी असते आणि तिला कोणी विचारीत नाही.

1991 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका वाडीवरून निरोप आला, की खिलार गाईच्या घशात काटा अडकला आहे. गेलो तो अंगणात वीसेक माणसे. गाय घोगऱ्या आवाजात सारखी हंबरत होती, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, मागचे पाय लटपटत होते. थोरल्या मुलाने सकाळीच तोंडात कोपरापर्यंत हात घालून पाहिले होते. काही लागले नव्हते.

“तुमी घाला की हात, डाक्टर,” म्हातारा म्हणाला. “तुमचा सरावाचा हाय.”

मी हात मागे बांधून उभा राहिलो. कोणीतरी हसून म्हणाले, “जनावरांच्या डाक्टरालाच जनावराचं भ्या!” नोकरीतले ते माझे तिसरे वर्ष. त्या वाडीत पुन्हा कोणी विचारील की नाही, एवढेच क्षणभर मनात आले.

मी दाराआडच्या आजीला विचारले, “आजी, मागं कधी कुत्रं आलं होतं का गोठ्यात?”

“आलं हुतं की. म्हैना झाला आसंल. पिसाळलेलंच ते. हिच्या नाकाडाला डसलं. मी हळद भरली.”

अंगण एकदम गप्प झाले. मी सगळ्यांना मागे सारले, गाय दोन दाव्यांनी बांधवली आणि ज्यांचे हात लाळेला लागले होते त्यांना साबणाने भरपूर पाण्यात हात धुवायला लावले. मुलाच्या बोटांवर बाभळीचे ओरखडे होते. सायकलवरून तालुक्याला चिठ्ठी गेली. संध्याकाळी डॉक्टर आले, त्यांनी लांबूनच पाहिले आणि माझा संशय खरा धरला. तिसऱ्या दिवशी गाय गेली. खोल खड्डा घेऊन पुरली.

त्या काळी ती लस पोटात टोचीत आणि रोज जावे लागे. आता ती बंद होऊन दंडात घ्यायची लस आली आहे. मुले निमूट तयार झाली. आजी मात्र बसून राहिली. गाईला शेवटपर्यंत तिनेच पाणी पाजले होते, लाळ पदराने पुसली होती. “माजं काय ऱ्हायलंय आता?” हेच तिचे उत्तर. तिची समजूत घालण्यात माझा दीड दिवस गेला, आणि एवढी मेहनत मला कोणत्याही जनावराने पडू दिली नाही.

अखेर ती एस.टी.त चढली. भाकरीचे गाठोडे मांडीवर घेऊन खिडकीशी बसली आणि वाटेत मला विचारू लागली, की म्हशीचा दहावा सरत आलाय, तर ती अवसेच्या आधी विईल का नंतर?